आत डॉक्टर बोलत होते

त्यांचं खरं नाव आमच्या भागात कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या पाटीवर ते होतं, पण पाटी वाचणारे थोडे, आणि वाचता येणाऱ्यांनाही त्याची गरज पडत नसे. लोक त्यांना ‘गावपुशे डाक्टर’ म्हणत. गाव पुसणारे, म्हणजे विचारणारे, म्हणून गावपुशे.

त्याचं कारण असं. छाती तपासताना रोग्याला काहीतरी बोलायला लावतात, म्हणजे आतला आवाज नळीतून नीट ऐकू येतो. बाकीचे डॉक्टर आकडे म्हणायला सांगतात. आमचे डॉक्टर गावाचं नाव घ्यायला सांगत.

“घे तुझ्या गावाचं नाव. अजून घे. घेत राहा.”

माणूस आपल्या गावाचं नाव घेत राही आणि हे डोळे मिटून त्याच्या पाठीवर नळी सरकवत राहत. गावाचं नाव फारच आखूड असलं तर म्हणत, “यात काही दम नाही. आजोळचं सांग.” बायकांना तर ते हटकून माहेरचं नाव घ्यायला लावत. “सासरचं नको,” म्हणत, “माहेरचं घे. आवाज मोकळा निघतो.” आणि खरंच, बायका हसत आणि आवाज मोकळा निघे. जंगलाकडच्या गावांत मात्र लोकांची समजूत होती की हा मंत्र आहे. ज्या गावचा ताप त्या गावाला डॉक्टर परत धाडतात.

मी वर्ध्याकडची. नर्सचं शिक्षण संपवून, नवरा गेल्यावर वर्षभराने, मी त्या दवाखान्यात लागले. गडचिरोलीच्या पुढे चामोर्शीच्या वाटेवर आत जंगलाकडे वळलं की ते गाव. तेव्हा आमचा प्रांत नुकताच नागपूरकडून मुंबईकडे गेला होता, म्हणजे कागदांवरचे शिक्के बदलले होते. बाकी मोहाची झाडं, धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यात बंद होणारा रस्ता, सगळं होतं तिथेच होतं. डॉक्टर येण्यापूर्वी त्या दवाखान्याला कित्येक वर्षं डॉक्टर नव्हता. बदली झालेला माणूस जिल्ह्याच्या गावी, चांद्याला हजर होई, पुढचा रस्ता विचारी आणि रजेवर जाई. हे एकटे आले आणि राहिले. त्यांच्या घरचं कुणी कधी आलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “सिस्टर, आज वारा पूर्वेचा आहे.” पुन्हा मी विचारलं नाही.

प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. विचारणारे तेच, उत्तर देणारेही तेच. “काय रे, जेवलास का? नाही जेवलास. डोळेच सांगतात. कालपासून ताप? परवापासून. लपवतोस कशाला?” समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत यांनी पुडी बांधलेली असे. दुपारी दवाखाना बंद झाला की मागच्या खोलीत बसून जुनं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. ऐकायला कुणी नसे. आठवडाभर उशिरा आलेला तो अंक ते पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत, भाषण द्यावं तसा वाचत आणि मध्येच “काय बोलता!” असं स्वतःलाच म्हणत. रस्त्याने जाणाऱ्या नव्या माणसाला वाटे, आत पाच-सहा जण बसलेत.

पण एवढ्या बोलक्या माणसाचे कान विलक्षण होते. आजार ते कानांनी ओळखत. छातीतला प्रत्येक आवाज त्यांनी आमच्या मुलखातल्या कशाशी तरी जोडून ठेवला होता. निमोनिया म्हणजे सागाच्या वाळक्या पानांवरून कुणी दबकत चाललंय. दमा म्हणजे नागभीडची छोटी गाडी, चढाला लागलेली. छातीत पाणी झालं की म्हणत, “इथे गाव संपलं. पुढे तळं आहे.” मला गंमत वाटायची. मी बाळंतपणं करणारी. मला पोटावर कान लावून बाळाचे ठोके मोजता येत, तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत गालगुंडांची साथ आली. मुलांचे गाल टम्म फुगले. आया लेप लावून, डोक्याला फडकी बांधून मुलांना घेऊन येत. डॉक्टर प्रत्येकाचा गाल हाताने चाचपून म्हणत, “वा, काय मोठा माणूस झालास!” मुलं रडता रडता हसत. साथ ओसरता ओसरता एके सकाळी डॉक्टर स्वतःच तसा एक गाल घेऊन बाहेर आले. सगळं गाव हसलं. पोरांचा आजार आणि तो या चाळिशीच्या माणसाला! तेही हसले. म्हणाले, “उशिरा का होईना, बालपण आलं.”

मग मात्र ताप चढला. डोकं असं दुखे की ते भिंतीला कपाळ लावून बसत. ओकाऱ्या झाल्या. उठून उभं राहिलं की खोली फिरते म्हणत. कंपाउंडर आणि मी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो. आठवड्याभरात ताप उतरला, सूज उतरली, आणि डॉक्टर दवाखान्यात येऊन बसले.

“अजून चार दिवस पडा,” मी म्हटलं.

ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. म्हणाले, “बरा आहे मी. आजारातून उठलेल्या नोकराला कामावर घेण्याआधी डॉक्टरने तपासायचं असतं. आता इथे दुसरा डॉक्टर कुठून आणू? मीच मला तपासलं आणि मीच मला पास केलं.”

चालताना ते भिंतीला हात लावून चालत. अंगणात भिंत नसे, तिथे पावलं फाकत पडत. गावात बोललं जाऊ लागलं, डाक्टरनं मोहाची धरली. मी चिडून हे त्यांच्या कानावर घातलं, तर ते नुसते हसले. मला वाटलं, मनावर घेत नाहीत.

खरी गोष्ट मला कळली ती एका बाजाराच्या दिवशी. गर्दी होती. एका लहान मुलीला खोकला होता, तिची आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी नेहमीसारखे डोळे मिटले, नळीचं टोक मुलीच्या पाठीवर ठेवलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, मान हलवली. मी शेजारीच उभी होते. नळीची दुसरी टोकं त्यांच्या कानात नव्हती. गळ्याभोवती लोंबत होती. ती कानात घालायची राहून गेली आहेत हे त्यांना कळलंच नव्हतं. कारण घातली काय आणि न घातली काय, त्यांना सारखंच होतं.

गर्दी गेल्यावर मी त्यांच्यामागे उभी राहून हाक मारली. पुन्हा मारली. मग समोर येऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत सावकाश बसले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापातच,” ते म्हणाले. “एक कान ताप चढला त्याच दिवशी गेला. दुसरा तो गेल्यावर दोन दिवसांनी. आधी भुंगा गुणगुणल्यासारखं होत होतं. आता तोही नाही.”

इतके दिवस ते दवाखाना चालवत होते आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कसं येणार? उत्तराची वाट त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

मी म्हटलं, कळवायला हवं. ओठ हलवून, हातवारे करून म्हटलं. त्यांना ओठांवरून थोडं थोडं कळू लागलं होतं.

“कळवतो,” ते म्हणाले. “मग मला घरी बसवतील. बरोबरच आहे ते. आणि इथे कोण येईल? मला सांगा, सिस्टर, कोण येईल?” मग स्वतःच पुढे म्हणाले, “आणि लोक काही म्हणोत. दारुडा डॉक्टर चालतो. बहिरा चालत नाही.”

त्या दिवसापासून त्यांनी मला छाती ऐकायला शिकवायला सुरुवात केली. मी नळी कानात घालायची, त्यांनी ती पाठीवर सरकवायची आणि मी सांगायचं: पानं, गाडी, तळं. माझे शब्द त्यांना ओठांवरून कळले नाहीत तर मी पाटीवर लिहायची. त्यांचा एक तळवा रोग्याच्या पाठीवर असे. “घे गावाचं नाव,” ते आता फार मोठ्याने म्हणत, कारण स्वतःचा आवाज त्यांना मापता येत नव्हता. गावाचं नाव पाठीतून तळव्यात कसं थरथरतं, त्यावरून ते अंदाज बांधत. काही दिवस हे बरं चाललं. एक म्हातारा आणि दोन-तीन मुलं आमच्या या जोडकामाने उठून घरी गेली. चांद्याहून तपासणीला साहेब आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. जीपमधून उतरल्यापासून परत बसेपर्यंत हेच बोलत होते. साहेब थकून, काम समाधानकारक आहे असं लिहून गेले. कंपाउंडर आणि मी मागे हसून हसून बेजार झालो. त्यानंतर त्या दवाखान्यात कधी तसं हसल्याचं मला आठवत नाही.

रोगी आला की आमच्यापैकी कुणीतरी जाऊन डॉक्टरांसमोर उभं राहायचं, अशी आम्ही व्यवस्था लावली होती. शिपाई, कंपाउंडर किंवा मी.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. अर्धं गाव बैलगाड्या जुंपून गेलं. कंपाउंडर बायकामुलांना घेऊन गेला. शिपाईही गेला, पण दुपारपर्यंत परतणार होता. मला सकाळीच एका गावाहून बाळंतपणाचं बोलावणं आलं. मी घुटमळले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “जा. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसतो. डोळे आहेत ना मला.”

ते बसलेही होते. पण उन्हं चढली तसं त्यांचं डोकं गरगरायला लागलं. पुढ्यातला रस्ताच हलायला लागला, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं. शिपाई आता येईलच म्हणून ते घटकाभर आत जाऊन पडले. शिपाई ज्या गाडीने येत होता तिचा आस वाटेत मोडला होता, हे त्यांना कुठून कळणार? गरगर थांबल्यावर ते उठले, मागच्या खोलीत खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसले आणि मन रमवायला वर्तमानपत्र वाचायला लागले. मोठ्याने. बाहेरच्या दाराचं एक कवाड वाऱ्याने लोटलं गेलं होतं.

मी परतले तेव्हा उन्हं उतरली होती. दवाखान्यासमोर चिंचेखाली एक बैलगाडी सोडलेली दिसली. ओसरीवर बाज होती आणि बाजेवर एक बाई. बाजेखालची फरशी मी आधी पाहिली. मग बाईकडे पाहिलं. तिचा नवरा, जंगलाकडच्या एका पाड्यावरचा तरुण गोंड, उकिडवा बसला होता. तिचं पाऊल त्याने दोन्ही हातांत धरलं होतं. माशा वारायला आंब्याचा एक डहाळा शेजारी पडला होता. आता तो वारत नव्हता.

आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. कापसाचे भाव वाचत होते.

तो माणूस मला पाहून उभा राहिला. “साहेब मोकळे झाले का जी?” त्याने विचारलं. आणि मग म्हणाला, “आता काई घाई नाई.”

मी तिचा हात हातात घेतला. अजून पुरता थंड झाला नव्हता.

“कधी आलास?”

“सूर्य माथ्यावर होता, बाई. काल पोरगा झाला. रातच्यानं रगत थांबून नाई राह्यलं.”

“हाक का नाही मारली?”

“मारली. दोनदा मारली. आत डाक्टर बोलून राह्यले होते.” त्याने दाराकडे बोट केलं. “कोनी मोठा मानूस आला असंल, मले वाटलं. मंग बसलो.”

सरकारी दार लोटून आत जायचं नसतं, हे त्या माणसाला लहानपणापासून ठाऊक होतं. जंगलखात्याच्या नाक्यावर, तहसिलीत, सगळीकडे तो असाच बसत आला होता. आतला माणूस मोकळा झाला की बाहेर येतो. इथेही येईल. त्याने वाट पाहिली.

ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण रक्त थांबवण्याचं इंजेक्शन कपाटात होतं, आणि ते टोचायला कान लागत नाहीत.

मी आत जाऊन डॉक्टरांसमोर उभी राहिले. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “आलात? काय झालं, मुलगा का मुलगी?” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते बाहेर धावले. भिंतीला हात न लावता धावले, उंबऱ्यात पडले, उठले. बाजेशी गुडघे टेकून त्यांनी नळी कानात घातली, टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि डोळे मिटले. किती वेळ ते तसेच ऐकत होते. तो माणूस आशेने त्यांच्याकडे पाहायला लागला, ते मला बघवेना. मग त्यांनी नळी काढून माझ्यापुढे धरली. “तुम्ही ऐका,” म्हणाले. मी ऐकलं. मान हलवली.

बाज गाडीवर ठेवायला आम्ही हात लावला. त्याने बैल जुंपले, आणि जाताना वाकून डॉक्टरांना रामराम केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आपण बहिरे झाल्याचं वरिष्ठांना कळवलं. मग दगडाने बिजागऱ्या ठोकून बाहेरच्या दाराची दोन्ही कवाडं उतरवली आणि खुर्ची त्या उघड्या चौकटीत रस्त्याकडे तोंड करून ठेवली. त्या खुर्चीवरून ते उठत नसत. जेवण तिथे, झोप तिथे. ऊन वाढलं, डोकं गरगरलं तर चौकट धरून बसत. बोलणं बंद झालं. वर्तमानपत्रं आली तशी घडी न मोडता पडून राहिली. रोगी समोर आला तर तपासत, पण गावाचं नाव विचारत नसत. दाढी वाढलेला, तांबारलेल्या डोळ्यांनी रस्त्याकडे टक लावून बसलेला तो माणूस पाहून लोक घाबरायला लागले. बायका मुलांना घेऊन मागच्या वाटेने जाऊ लागल्या. कंपाउंडर समजावून थकला. मीही थकले.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना कामावरून मोकळं केल्याचा हुकूम आला. ते कुठे गेले, मला माहीत नाही. बसमध्ये बसताना त्यांनी पत्ता दिला नाही आणि मी मागितला नाही. दुसरा डॉक्टर त्या पावसाळ्यात आला नाही. पुढच्याही आला नाही. कंपाउंडर होता तोवर खोकल्याचं औषध आणि मलम मिळत होतं, मग त्याचीही बदली झाली. मी बाळंतपणं करत राहिले. बाकीच्या लोकांना मी हात जोडून गडचिरोलीची वाट दाखवायची. त्यातले किती तिथवर पोचले कोण जाणे. एक म्हातारी माझ्यावर रागावून म्हणाली होती, “बहिरा असला तं का झालं? होता तं.”

पण हुकूम येण्याआधी, चैत्रात, एक सकाळ अशी आली की डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, “चला. त्याच्या गावी जायचं.”

मी नको म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही.

बैलगाडीने आम्ही त्या पाड्यावर गेलो. मोहाचे दिवस होते. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली, हवेत तो गोड, डोक्यात चढणारा वास. तो माणूस घरीच होता. त्याने चटई टाकली, लोट्यातून पाणी दिलं. त्याच्या आईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. बकरीच्या दुधावर जगलं होतं. किडकिडीत होतं, पण डोळे टकटकीत होते. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

मग ते उभे राहिले आणि बोलायला लागले. आवाज मापता येत नसल्यामुळे ते ओरडतच होते. आजूबाजूच्या घरांतून माणसं येऊन कुंपणाशी उभी राहिली.

“मी बहिरा आहे,” डॉक्टर ओरडून म्हणाले. “मला ऐकू येत नाही. त्या दिवशी आत कुणीही नव्हतं. मी एकटाच होतो. पेपर वाचत होतो. तू हाक मारलीस ती मला ऐकू आली नाही. तू बाहेर आहेस हे मला कळलं नाही. मुद्दाम बसवून ठेवलं नाही मी तुला.”

कुंपणाशी कुणीतरी एका म्हाताऱ्याला गोंडीत ते समजावून सांगत होतं. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. रागावला असता, काठी उगारली असती, तर डॉक्टर ती खायलाच आले होते. तो जमिनीकडे पाहत अगदी हळू, समजूत घालावी तसा बोलला.

“मंग सांगाचं होतं जी,” तो म्हणाला. “आमी आत आलो असतो.”

तो मान खाली घालून बोलला होता. डॉक्टरांना त्याचे ओठ दिसले नव्हते. ते माझ्याकडे वळले.

“काय म्हणाला?”

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं. तरी ते म्हणाले, “परत सांगा.”

मी परत सांगितलं.